नवा फ्लॅट की पेठेतलं जुनं घर?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

मागच्या बुधवारी कार्यक्रम संपता संपता एका ताईंचा फोन आला होता. वेळ संपली होती, त्यामुळे त्यांचं बोलणं तुम्हाला अर्धवटच ऐकू आलं. त्या म्हणाल्या, "ताई, सहा लाख साठलेत. एक फ्लॅट आहे, अजून स्लॅबच पडतायत. आणि गावठाणात एक जुनं घर आहे, दोन खोल्या, पुढं अंगण. घरात रोज वाद. मी म्हणते जुनं, हे म्हणतात नवं. काय करू?"

मी त्यांना लगेच उत्तर दिलं नाही. पण आठवडाभर तो प्रश्न माझ्या डोक्यात होता, कारण चार वर्षांपूर्वी मी स्वतः याच पेचात होते. नऊ वर्षं भाड्याने काढून आम्ही फलटणमध्येच घर घ्यायचं ठरवलं, आणि समोर नेमके हेच दोन पर्याय आले. एक कोळकीच्या बाजूला नव्याने होत असलेला फ्लॅट, आणि दुसरं पेठेतलं चाळीस वर्षांचं घर. आज त्याबद्दलच बोलते. कायद्याचं जेवढं माझ्या कामात रोज येतं तेवढं सांगेन, बाकी वकिलाला विचारायचंच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे नवं आणि जुनं असे दोनच प्रकार नसतात. व्हायचं असलेलं घर, नुकतं तयार झालेलं घर आणि कुणीतरी राहिलेलं घर, असे तीन असतात. आपण पहिल्या दोन्हीला 'नवं' म्हणतो आणि तिथंच फसतो. तयार घर डोळ्यांनी बघता येतं, नळ सोडून बघता येतो. व्हायच्या घरात आपण नकाशा विकत घेतो आणि एक तारीख विकत घेतो.

तारखेचं काय होतं ते माझ्या नणंदेनं भोगलंय. बँक बांधकाम जसं पुढं सरकेल तसे पैसे बिल्डरला देते आणि दिलेल्या पैशांवर व्याज लगेच सुरू होतं. तिचे दहा लाख उचलले गेले होते. नऊ टक्क्यांनी महिन्याला साडेसात हजार नुसतं व्याज, मुद्दल एक रुपयाही फिटत नाही. आणि राहायला घर नाही म्हणून साडेपाच हजार भाडं. महिन्याला तेरा हजार. फ्लॅट एकोणीस महिने उशिरा मिळाला. गुणाकार करा, दोन लाख सत्तेचाळीस हजार. तिच्या हिशेबाच्या वहीत ही रक्कम कुठंच नव्हती. नव्या घराची किंमत विचारताना ही रक्कम मनात धरायची, म्हणजे निदान सहा महिने उशीर होईल असं समजून.

आता यावर कायदा आहे. 2016 चा स्थावर संपदा कायदा, ज्याला आपण सगळे 'रेरा' म्हणतो. महाराष्ट्रात त्याचं प्राधिकरण, महारेरा, मे 2017 पासून काम करतं. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक इंग्रजी 'पी' अक्षराने सुरू होतो, आणि ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही छापावा लागतो. आपल्या गटातल्या बायका क्यूआर कोडनं भाजीचे पैसे घेतात, मग घराचा कोड स्कॅन करायला काय हरकत आहे? त्यात प्रकल्प पूर्ण करायची तारीख दिसते, ती पुढं ढकलली असेल तर ते दिसतं, मंजूर नकाशा, जमिनीवर बोजा आहे का, कोर्टात दावा आहे का, किती घरं विकली गेली, सगळं असतं. आम्ही बघत होतो त्या फ्लॅटची तारीख एकदा पुढं गेलेली होती. बोर्डावर मात्र 'लवकरच ताबा' असं लिहिलेलं.

या कायद्यातल्या तीन गोष्टी पाठ करून ठेवा. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेऊ शकत नाही. करारात लिहिलेल्या तारखेला ताबा दिला नाही, तर तुम्ही बाहेर पडून व्याजासह पैसे परत मागू शकता, किंवा थांबायचं ठरवलंत तर प्रत्येक महिन्याच्या उशिरासाठी व्याज मागू शकता. आणि ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने आपल्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा. माझ्या नणंदेला यातली दुसरी गोष्ट कळली तेव्हा ताबा घेऊन, सगळं मिळालं अशी सही करून झाली होती.

पण एक अडचण आहे आणि ती आपल्यासारख्या तालुक्याच्या गावात फार येते. प्लॉट 500 चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल, किंवा घरं आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी सक्तीची नाही. 500 चौरस मीटर म्हणजे जवळपास पाच गुंठे. आता तुमच्या गावातल्या नव्या इमारती डोळ्यांसमोर आणा. चार गुंठ्यांत सहा फ्लॅट, खाली दोन गाळे. बिल्डर म्हणतो, "आम्हाला रेरा लागत नाही." तो खोटं बोलत नसतो. फक्त त्याचा अर्थ असा, की त्या इमारतीची माहिती तुम्हाला वेबसाइटवर आयती मिळणार नाही. ती तुम्हालाच गोळा करायला लागेल. जमीन बिनशेती झालीय का, बांधकाम परवाना किती मजल्यांचा आहे आणि प्रत्यक्षात किती चढलेत, आणि काम झाल्यावर नगरपालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र मिळणार का. हे भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीत पुष्कळ लोक राहतात, मला माहीत आहे. पण नळजोड, पुढची विक्री, दुसऱ्या बँकेचं कर्ज, सगळीकडे ते आडवं येतं.

मग चौरस फुटांची गंमत. आम्हाला फ्लॅट सांगितला 840 फुटांचा, किंमत 23 लाख. मी म्हटलं, कार्पेट किती? म्हणजे भिंतींच्या आत सतरंजी टाकता येईल एवढी जागा. ती निघाली 590 फूट. बाकीची 250 फूट जिना, लिफ्ट, भिंती यांत वाटलेली. आता कायद्यानुसार कार्पेट क्षेत्रच सांगायला हवं, पण तोंडी बोलताना अजून 'सुपर बिल्टअप' चालतं. उघड्यावरच्या पार्किंगचेही वेगळे पैसे सांगितले होते. ती जागा सगळ्यांची सामाईक असते, ती विकता येत नाही. हे मी बोलले तेव्हा तिथला मुलगा हसून म्हणाला, "मॅडम, तुम्ही वकील आहात का?" मी म्हटलं, "नाही, बचत गटाची बाई आहे."

जीएसटीचं थोडक्यात. व्हायच्या घरावर जीएसटी लागतो. किंमत 45 लाखांच्या आत आणि कार्पेट क्षेत्र आपल्यासारख्या ठिकाणी 90 चौरस मीटरच्या आत असेल तर एक टक्का, नाहीतर पाच टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलेल्या तयार घरावर नाही, आणि आधी कुणी राहिलेल्या घरावरही नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी मात्र नव्या-जुन्या दोन्हीला लागते.

आता पेठेतलं घर. हे मला जरा सविस्तर सांगायचंय.

घर मला बघताक्षणी आवडलं होतं. पुढं ओटा, मागं परसात पाण्याची टाकी, वर पत्र्याची एक खोली. किंमत 17 लाख. तीन भाऊ विकत होते. वडिलांच्या नावाचं घर, वडील वारलेले, आईही नाही. मी मालमत्ता पत्रक काढून आणलं. शहरातल्या घराला मालमत्ता पत्रक असतं, जसा शेताला सातबारा. त्यावर वडील गेल्यावर पाच वारस लागले होते, तीन भाऊ, दोन बहिणी. एका बहिणीचं नोंदवलेलं हक्कसोडपत्र होतं. दुसरीचं नव्हतं. मी थोरल्या भावाला विचारलं तर तो म्हणाला, "बहिणीचं काय एवढं, ती चिंचवडला असते. सांगितलं की येऊन सही करेल. तुम्ही इसार द्या."

इसार दिला असता तर आम्ही अडकलो असतो. वडिलांनी स्वतः कमावलेलं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर मुलीचा वाटा मुलाएवढाच असतो. हे 1956 पासूनच आहे. वडिलोपार्जित मिळकतीत 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मापासून मुलासारखीच हिस्सेदार झाली, आणि त्यासाठी 2005 साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केलं. लग्न कधी झालं, हुंडा किती दिला, भाऊबीज किती घातली, याचा त्याच्याशी संबंध नाही. त्या बहिणीची सही नसताना खरेदीखत झालं असतं, तर तिचा पाचवा हिस्सा तिचाच राहिला असता, आणि उद्या तिने दावा घातला असता तर समोर मी उभी राहिले असते. भाऊ पैसे घेऊन मोकळे.

मी त्यांच्याकडून पत्ता घेतला आणि आम्ही दोघं एसटीने चिंचवडला गेलो. बाई दारातच उभी राहिली. घर विकायला काढलंय हे तिला माहीतच नव्हतं. म्हणाली, "माझ्या आईची चूल होती त्या घरात. ते विकतायत, हे मला परक्या माणसाकडून कळायचं?" मग तिने चहा केला. तिचा विकायला विरोध नव्हता. तिला फक्त विचारायला हवं होतं, आणि तिच्या वाट्याचे पैसे चेकने हवे होते.

मैत्रिणींनो, त्या चहाच्या वेळी मला काय आठवलं ते सांगते. 2013 साली मी माहेरच्या घरावरचं हक्कसोडपत्र सही करून दिलं. भाऊ गाडी घेऊन आला, रजिस्ट्रार कचेरीत नेलं, फोटो निघाला, अंगठा उमटला, येताना वडापाव खाल्ला. कागद मी वाचला नाही. भावांशी माझं वाकडं नाही, आजही दिवाळीला जाते. पण बीए झालेली, इतर बायकांना पासबुक वाचायला शिकवणारी मी, स्वतःचा कागद न वाचता सही करून आले. तेव्हा काही वाटलं नव्हतं. चिंचवडच्या त्या घरात वाटलं.

भाऊ दीड महिना आमच्याशी बोलले नाहीत. "बाहेरून येऊन घरात भांडण लावलं," असं पेठेत म्हणत होते. त्यात त्यांची दुसरी मागणी होती, पाच लाख रोख द्या आणि खरेदीखत बारा लाखांचं करा. ते आम्ही आधीच नाही म्हटलं होतं. एक तर 2015 पासून घराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही. दुसरं, बँक कर्ज देते ते कागदावरच्या किमतीवर. कागदावर बारा लाख दाखवले की कर्ज त्याच मानाने कमी, आणि ते पाच लाख आम्ही कुठून आणणार होतो? शिवाय पाच लाख दिल्याची पावती कुणी देत नाही. शेवटी पाचव्या महिन्यात दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात तीन भाऊ आणि ती बहीण, चौघंही विकणारे म्हणून बसले. चौघांच्या नावाचे चार वेगळे डीडी. बहिणीने सही करण्याआधी खरेदीखत पहिल्या पानापासून वाचलं. मागची माणसं कुरकुरत होती. मी म्हटलं, वाचू द्या.

तर जुन्या घराच्या बाबतीत घराआधी माणसं मोजायची. मालकाच्या वारसांची नावं लिहून काढा, मुलींसकट, विधवा सुनेसकट. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्या, म्हणजे या घराचे आधी कोणते व्यवहार झाले, कुठं गहाण आहे का, ते कळतं. सूची क्रमांक दोनचे उतारे नोंदणी विभागाच्या वेबसाइटवरही शोधता येतात. वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही देतात, कुणाचा हक्क असेल तर पंधरा दिवसांत सांगा म्हणून. खर्च होतो, करा. चतुःसीमा कागदावर एक आणि जागेवर दुसरी नाही ना, शेजारची भिंत सामाईक आहे का, मागच्या घराची वाट आपल्या अंगणातून जाते का, हेही बघा. नगरपालिकेतून झोन दाखला काढा. विकास आराखड्यात रस्ता रुंद होणार असेल तर ज्या ओट्यावर तुमचा जीव बसलाय तोच आधी जाईल.

नोटरीवर घर घेऊ नका. स्टॅम्पपेपरवर लिहून, नोटरीचा शिक्का मारून, ताबा देऊन लोक वर्षानुवर्षं राहतात. शंभर रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या स्थावराची खरेदी नोंदवलेल्या दस्तानेच होते. कुलमुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली सांगून ठेवलंय. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे, तो मालकीचा पक्का पुरावा मानला जात नाही. गावठाणात ज्यांना ड्रोन मोजणीनंतर सनद मिळाली आहे त्यांचं काम त्यामानाने सोपं झालंय.

कागद झाले की भिंती. यासाठी एक जाणता गवंडी बरोबर न्या, पाचशे-हजार द्या. आमच्या गवंड्याने खिळ्याच्या मागच्या बाजूने भिंती ठोकत ठोकत घर फिरून बघितलं. जिथं पोकळ आवाज आला तिथं गिलावा सुटलेला. दाराच्या चौकटींत स्क्रू-ड्रायव्हर टोचून वाळवी बघितली. खाली जोत्याजवळ भिंतीला पांढरं लोणं आलं होतं, म्हणजे जमिनीतली ओल वर चढतेय. भेग होती खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली. तिच्यावर त्याने आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवली आणि म्हणाला, दोन महिने थांबा, काच तडकली तर भेग वाढतेय. आपल्याकडे काळी माती, ती उन्हाळ्यात आक्रसते, पावसात फुगते आणि पायाला हलवते. त्यामुळे अशी भेग नुसती बुजवून रंग दिलेला असेल तर सावध व्हा. नुकता रंग दिलेलं जुनं घर मला नेहमी संशयाचं वाटतं. काच तडकली नाही. शक्य असेल तर पहिल्या मोठ्या पावसानंतर घर बघायला जा. आम्ही बघितलं मार्चमध्ये, खरेदी झाली ऑगस्टच्या सुरुवातीला. मधल्या पावसात मागच्या खोलीत ओल दिसली, तेव्हा व्यवहार इतका पुढं गेला होता की आम्ही ते बघून न बघितल्यासारखं केलं. ही आमची चूक. पहिल्याच वर्षी ती भिंत गळली आणि ठरवलेल्या सव्वादोन लाखांच्या दुरुस्तीवर चाळीस हजार आणखी गेले. निम्मे तर वायरिंगमध्ये. जुन्या घरात अर्थिंगच नसतं, आणि आपण त्याला फ्रीज, गिझर, शिलाई मशीन सगळं लावतो.

इथं नव्या घराच्या बाजूने बोललंच पाहिजे. तिथं हा ताप नाही. बँक नव्या घराला सहज कर्ज देते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं. पण हे 'देता येतं' आहे. आमच्या जुन्या घराचं मूल्य बँकेच्या माणसाने 14 लाख धरलं, घराचं उरलेलं आयुष्य मोजलं आणि 11 लाख कर्ज पंधरा वर्षांसाठी दिलं. म्हणजे सहा लाख घरातून, शिवाय मुद्रांक शुल्क, वकील, दुरुस्ती. घर स्वस्त दिसलं तरी हातात रोकड जास्त लागली. साठवलेले चार लाख आणि माझं सोनं त्यात गेलं, दुरुस्तीसाठी यांच्या पतसंस्थेतून कर्ज काढलं. फ्लॅटला उलट होतं. हातातून पाच लाख, कर्ज 18 लाख, वीस वर्षं. हप्ता नऊ टक्क्यांनी 16,200. जुन्या घराचा हप्ता 11,150 च्या आसपास. आमच्या दोघांच्या कमाईत पाच हजारांचा फरक म्हणजे मुलीची शिकवणी आणि महिन्याचा किराणा. आम्ही हप्त्याकडे बघून ठरवलं. ज्यांची नोकरी पक्की आहे, पण हातात रोकड कमी, त्यांनी उलटं ठरवलं तर मी त्यांना चूक म्हणणार नाही. तो फ्लॅट आता तयार झालाय. छान झालाय. तिथं वरच्या मजल्यावर गटातल्या एक ताई राहतात आणि त्यांच्याकडे बाथरूममध्ये ओल नाही. मी बघून आले!

कमी पडलेली रोकड भरायला मात्र गटाचं कर्ज घेऊ नका, हे गटाची समन्वयक म्हणून सांगते. महिन्याला दोन टक्के म्हणजे वर्षाला 24 टक्के. ते कर्ज दोन शेळ्या घ्यायला, मशीन घ्यायला, फिरवून परत करायला असतं. इसारासाठी तीन गटांतून तीन मैत्रिणींच्या नावाने कर्ज उचलून देणारी बाई मी बघितली आहे. घर झालं, पण मैत्रिणींसमोर जायला तिला तोंड उरलं नाही.

आणखी एक हिशेब पुरुष मंडळी करत नाहीत, म्हणून आपणच करायचा. आपलं काम कुठं चालतं? माझ्याकडे महिन्याला गटाच्या बैठका, बायकांची ये-जा. शेजारच्या काकू ओट्यावर पापड-कुरडया वाळत घालतात. कोळकीच्या फ्लॅटला गच्ची होती, पण तिथं वाळवण घालायला सोसायटीची परवानगी, आणि बाजारात यायला रोजचे रिक्षाचे चाळीस रुपये. ज्या ताई शिवणकाम करतात त्यांची गिऱ्हाइकं तिसऱ्या मजल्यावर चढून येतील का? घर बदललं आणि बाईचा धंदा बसला, असं झालं तर हप्ता फेडणारा एक हात कमी होतो. उलट, ज्यांना जुन्या घरात पाणी दोन दिवसांनी एकदा आणि तेही खालून भरून आणायला लागतं, त्यांचा रोजचा एक तास त्यात जातो. तो तासही मोजा.

आता नावाचं. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात 2021 पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. 17 लाखांवर 17,000 रुपये वाचले, म्हणजे नोंदणी फी त्यातून निघाली. नवऱ्याचं नाव जोडीला घातलं की ही सवलत मिळत नाही. आधी अशी अट होती की पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही, ती 2023 साली काढून टाकली. कर्जात नवरा सहकर्जदार राहू शकतो, त्याने अडत नाही. उलटं मात्र मी फार बघते. बाईची सही कर्जाच्या कागदावर आहे, तिच्या पगारातून हप्ता कापला जातो, आणि खरेदीखतावर तिचं नाव नाही. सहकर्जदार असणं म्हणजे मालक असणं नव्हे. बँकेत सही करायला बसाल तेव्हा खरेदीखताचा मसुदा मागा आणि 'लिहून घेणार' या शब्दांपुढे कुणाचं नाव आहे ते वाचा.

आमच्याकडे यावर चर्चा झाली. सासूबाई म्हणाल्या, "नावात काय ठेवलंय, घर तर सगळ्यांचंच." मी म्हटलं, "तेच तर. मग माझ्या नावावर असलं तर काय बिघडलं?" त्या हसल्या, आणि मग दोन दिवस बोलल्या नाहीत. घर माझ्या नावावर झालं. आता पेठेत कुणी विचारलं तर त्याच सांगतात, सूनबाईंचं घर.

आता फोन केलेल्या ताईंकडे येते. मी त्यांना परवा भेटले. त्यांचा फ्लॅट चार गुंठ्यांवरचा, आठ घरांचा. बिल्डरने "रेरा लागत नाही" म्हटल्यावर त्यांना तो फसवतोय असं वाटलं होतं. तो फसवत नाहीये, पण बांधकाम परवाना त्याने अजून दाखवलेला नाही. गावठाणातल्या घराचा फक्त नमुना आठ आहे आणि मालकाला तीन मुली आहेत, त्यांना कुणी विचारलेलं नाही. त्यामुळे दोन्हीपैकी कुठंच त्यांनी इसार देऊ नये, असं मी सांगितलं. त्यांच्या यजमानांना ते पटलं नाही. बिल्डरने महिनाअखेरपर्यंतच हा दर आहे असं सांगितलंय. हे 'महिनाअखेरपर्यंत' मी गेली चार वर्षं त्याच बोर्डावर वाचतेय.

येत्या गुरुवारी दुपारी दोन वाजता आपल्या कार्यालयात वकीलताई येणार आहेत. त्या ताई यजमानांना घेऊन येतायत. ज्यांच्याकडे घराचे असे कागद असतील त्यांनीही यावं. मालमत्ता पत्रक किंवा नमुना आठ, जुनं खरेदीखत, घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या, लाइट बिल आणि बिल्डरने दिलेला छापील कागद, जे असेल ते. झेरॉक्स आणा, मूळ कागद घरीच ठेवा. आणि माहेरचं हक्कसोडपत्र सही करून दिलेलं असेल तर त्याचीही झेरॉक्स आणा. मी माझी आणणार आहे.